मोठीमायचा डबा

हे प्रकरण मी मोठीमाय जिवंत आहे तोवरच लिहून घेते आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मला तर बोलायचंच आहे. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. ते बिचारे केव्हाच गेले. ही नव्वदीला टेकली तरी आहे. दात गेले, गुडघे गेले, कान जड झाले, पण डोळे असे शाबूत की सुईत दोरा ओवते अजून. देवाच्या घरचा न्याय कसला असतो तो यावरून समजून घ्यावा. लोक मला म्हणतात, कुसुमताई, इतकी वर्षं झाली, सोडून द्या आता. का सोडू? तिनं मला सोडलं होतं का?

आमचं घर बागाईतवाल्याचं. आसेगावच्या रस्त्याला गावाबाहेर आमची बागाईत, तिला लागूनच घर, आणि भाजी मंगरूळच्या बाजारात. दोन्ही भाऊ एकत्र, चूल एक, आणि चुलीवर राज्य मोठीमायचं. मला त्या घराचं तोंड कधी दिसलं नाही, पण ते घर कानानं आणि नाकानं मला असं पाठ आहे की आज तिथं उभं केलं तरी मी न अडखळता फिरेन. पहाटे इंजिनाची टुकटुक सुरू व्हायची, पाटाला पाणी सुटायचं, माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या वाखानं बांधत बसायची, आणि ओल्या सांबाराचा वास घरभर असा पसरायचा की भाकरीलासुद्धा तोच वास यायचा. बाबा ओझं सायकलला लावून निघाले की साखळी कुरकुरत फाट्यापर्यंत ऐकू यायची. मग मोठीमायच्या पाटल्या वाजायच्या. पाटल्या जवळ आल्या की मी हातातलं असेल ते पाठीमागं लपवायचे. वांगी निखाऱ्यात भाजून त्यात हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून ती भरीत करायची, आणि खोटं कशाला बोलू, तसं भरीत मी पुन्हा कुठं खाल्लं नाही. हाताला चव होती बाईच्या. जीभ तेवढी विखारी.

मी रांगत होते तेव्हा मला गोवर निघाला. ताप उतरला तोवर दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. माय दिवसभर वाफ्यात, बाबा बाजारात, त्यामुळे मी मोठीमायच्या हवाली. तिनं त्यावर उपाय काढला. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक माझ्या कंबरेला आणि दुसरं गोठ्याच्या पडवीतल्या बाजेच्या खुराला, आणि वर दोन गाठी. बागाईतल्या विहिरीला कठडा नव्हता, पोर विहिरीत पडेल, हे तिचं कारण. आल्यागेल्याला ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा जीव लावते. पण विहीर राहिली मळ्यात आणि ही मला चुलीपाशीही येऊ देत नव्हती. हातात काही धरलं की हिसकून घ्यायची. "फोडते ते," म्हणायची. मला ती नावानं कधी हाक मारत नसे. "ते जेवलं का, ते निजलं का." शेजारच्या बाईची शेळी व्याली तर तिच्या पिलाला हिनं नाव ठेवलं होतं, आणि मी ते.

पडवीत माझ्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली गवऱ्यांची रास. बैल शेपटी कुठल्या अंगाला मारतो, रवंथ कधी थांबतो, एवढंच माझं शिक्षण. माय संध्याकाळी येऊन राशीतली गवरी काढायची, गुडघ्यावर मोडायची, आणि तो आवाज झाला की मला कळायचं की आता सोडतील. त्या आवाजाची मी दिवसभर वाट पाहत असे.

आता मी लहान लेकरांच्या घरोघरी जाते. जी डोळ्यांनी अधू आहेत, जी अजून शाळेच्या वयाची नाहीत, त्यांच्या आयांना शिकवते. कारंज्याच्या बाजूला, मेडशीच्या बाजूला, कुठंही. घरात गेल्यावर चहा नको, पाणी नको, मी आधी लेकराला जवळ घेते आणि त्याच्या कंबरेवरून हात फिरवते. दोरीचा वळ बोटांना लगेच कळतो. हातात मोबाइल आले, दारात मोटारसायकली आल्या, तरी तो वळ अजून सापडतो. सापडला की मी त्या घराला जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर अशीच एक बाई आमच्या घरी आली होती. फिरत्या मॅडम. फाट्यावर एसटीतून उतरून चालत यायच्या, त्यांच्या चपलेचा अंगठा तुटका होता, तो फटफट वाजायचा. गावात आंधळं लेकरू आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मोठीमायनं त्यांना अंगणातच अडवलं. "आमच्या घरी नाई बा असं कोनी," म्हणाली. तेवढ्यात मी पडवीतून खोकले. मॅडम सरळ आत आल्या आणि माझ्याशेजारी शेणात मांडी घालून बसल्या.

"नाव काय हिचं?"

"नाव कायले पायजे? तिले दिसत नाई," मोठीमाय म्हणाली.

"डोळ्यानं दिसत नाही. ऐकू तर येतं ना?" मॅडमनी माझा हात धरून आपल्या पिशवीत घातला. फणी, कांदा, कुलुपाची किल्ली, एक लिंबू. कोणी हिसकून घेतलं नाही. मी लिंबू नाकाशी नेलं आणि नंतर गालाला लावून बसले. माय वाफ्यातून धावत आली तेव्हा मॅडमनी तिला बसवलं आणि सांगितलं की पोरीला बांधू नका, बरोबर घेऊन फिरा. जे कराल ते बोलत बोलत करा, आणि करता करता हातात द्या. पडली तर पडू द्या. हिचे हात आत्ताच उघडले पाहिजेत, पुढं उशीर होतो. आता अंगणवाडीत बसवा, मी दर आठवड्याला येईन, आणि मोठी झाली की हिच्यासारख्या पोरींची शाळा आहे तिकडे घालू. 

दुसऱ्या दिवसापासून मायनं मला वाफ्यात न्यायला सुरुवात केली. "हे सांबार, हे मेथी, हिचं पान गोल हाये पाह्य," असं म्हणत माझी बोटं ती पानावर ठेवायची. मग दोन्ही मिसळून द्यायची आणि निवडायला लावायची. रांगेत बसून मी जुडी बांधायला शिकले. सुरुवातीच्या जुड्या बाजारात पोचायच्या आत सुटायच्या, बाबा हसायचे आणि परत बांधायचे. बाबा बोलायचे कमी, हातानं जास्त करायचे. त्यांनी घराच्या दारापासून वाफ्यापर्यंत खुंट्या ठोकल्या आणि माझ्या हाताच्या उंचीला वाखाची दोरी ताणली. विहिरीच्या अंगाला वळायचं नाही म्हणून तिथं दोरीला जाड गाठ आणि एक फुटकं घुंगरू. मी दोरीवर हात ठेवून एकटी चालत वाफ्यात गेले त्या दिवशी माय काम टाकून रडली. मला तिचं रडणं समजेना, कारण मला तर त्या दिवशी कोणीतरी राज्य दिल्यासारखं झालं होतं.

ती दोरी मोठीमायनं विळ्यानं कापली. सकाळी मी नेहमीसारखी निघाले, मध्येच हातातली दोरी सैल पडली, आणि मी पाटाच्या दगडावर तोंडघशी आपटले. हनुवटीवरचा व्रण अजून आहे. "मानसाच्या पायात येते ते दोरी," एवढंच तिचं म्हणणं. बाबा थोरल्या भावाच्या बायकोला काय बोलणार? त्यांनी गुपचूप गाठ मारली. तिनं पुन्हा कापली. आणि अंगणवाडीचं नाव काढलं की तिचा एकच पाढा. "गावभर करू नोका. माह्या शांतीले पाहाले येतील लोकं. घरात आंधळी हाये म्हटलं त दारातूनच मांगं फिरतील." शांता म्हणजे तिची मुलगी, माझ्याहून बरीच मोठी. ती स्वतः मला कधी टाकून बोलली नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

भादव्याच्या पुनवेपासून आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीच्या भुलाबाई-भुलोजी पाटावर मांडायच्या, ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, आणि महिनाभर रोज दिवेलागणीला पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणायची. गाणी संपली की ज्या घरची भुलाबाई त्या घरचा खाऊ. पण खाऊ असा मिळत नाही. बंद डब्यात असतो, आणि पोरींनी डबा हलवून, हुंगून, तो ओळखायचा. ओळखला नाही तर हारलो म्हणायचं. मग घरची बाई डबा आत नेते आणि परातीत खाऊ घालून आणते. त्या वर्षी शांता मला कडेवर घेऊन न्यायला लागली, कारण तिच्या लक्षात आलं होतं की डबा माझ्याकडे दिला की तिची टोळी हरत नाही. लाह्या कशा सरकतात, शेंगदाण्याचे लाडू कसे एकावर एक आदळतात, शंकरपाळ्याचा कडकड कसा असतो, मला सांगायला क्षणभर लागत नसे. पोरी माझ्या नावानं ओरडायच्या. माझं नाव इतक्या तोंडांतून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मोठीमायच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचा डबा कोणाला ओळखू येत नाही अशी तिची गावात ख्याती. करंज्या केळीच्या पानात गुंडाळायची, लाडू चिंधीत बांधायची, पोरी हारल्या की समाधानानं हसायची. आमच्या घरची पाळी उद्यावर आली तेव्हा शेजारच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या, तिथं तिनं टोमणा मारला. "आंधळ्याले ओळखू आला असा माहा डबा अजून निंगाला नाई."

माय मागं बसली होती. थोरल्या जावेपुढं तोंड उघडायची तिची रीत नव्हती. त्या दिवशी तिनं उघडलं.

"बाई, माह्या पोरीनं तुमचा डबा ओळखला त तिले अंगनवाडीत धाडू का?"

 मोठीमाय हसली. "ओळखू दे त. मीच बोट धरून नेईन तिले. भुलाबाईची आन हाये. पन हारली त पुन्हा शाळेचं नाव काढजो नोको. कबूल?"

"कबूल," माय म्हणाली. त्या रात्री ती मला पोटाशी घेऊन निजली.

दुसऱ्या दिवशी मोठीमायनं सगळ्यांना चुलीपासून हाकललं. दुपारभर तळणाचा वास. खोबरं, खसखस, तुपात भाजलेला रवा. करंज्या, हे सांगायला मी कशाला पाहिजे, बैलांनाही कळलं असेल. मी पडवीत बसून मनातल्या मनात खुश. केळीच्या पानात गुंडाळो की गोधडीत, मला काय करायचंय, मी करंजीच म्हणणार होते.

संध्याकाळी ओसरी बायकापोरींनी भरली. गाणी झाली, टिपऱ्या थांबल्या, आणि डबा आला. मोठ्या पोरींनी आधी हलवला. कोणी लाडू म्हटलं, कोणी अनारसे, शेवटी सगळ्यांनीच करंजी म्हटलं. "नाई," मोठीमाय म्हणाली, आणि तिच्या आवाजात नको तितका गोडवा होता. करंजी नाही तर मग काय? शांतानं डबा माझ्या मांडीवर ठेवला. डब्याला बाहेरून वेलदोडा चोळलेला, दुसरा वास येऊच नये असा. मी हलवला. आत काहीतरी हलकं, बोथट, डब्याच्या भिंतीला लागलं. नाद नाही. पुन्हा हलवला तर तळाशी भुसा सरकला. तो आवाज मला माहीत होता. त्या आवाजाशेजारी मला बांधून ठेवलं होतं. पण असं कसं असेल, देवीचा डबा आहे, असं मला वाटलं आणि मी पुन्हा हलवला. तोच आवाज.

"बोल ना वं लवकर," कोणीतरी म्हटलं. माय कुठं बसली आहे ते मला कळत होतं, कारण तिथून काहीच आवाज येत नव्हता. चुकले असते तर त्या बाजेच्या खुराशी मी म्हातारी झाले असते, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

"यात खाऊ नाई," मी म्हटलं. "यात गवरी हाये."

ओसरी हसली. लहान पोरी तर लोळायला लागल्या. मोठीमाय सगळ्यांत मोठ्यानं हसली. "पाहा बाप्पा, माह्या डब्याले शेन म्हनते. हारली पोट्टी. आन तो डबा इकडं, वाटाले आनतो मी." तिच्या पाटल्या जवळ आल्या, तिनं डबा धरला. आणि मला उमगलं. डबा आत जाणार होता आणि परातीत दुसराच कसलातरी खाऊ येणार होता. मी दोन्ही हातांनी डबा पोटाशी कवटाळला. ती ओढायला लागली. मी तिच्या मनगटाला चावले. चांगली कडकडून चावले, आणि ते आठवलं की आजही मला बरं वाटतं.

तेवढ्यात मायचे हात आले. तिनं काही न बोलता डब्याचं झाकण काढलं.

मला कसलं दिसायला, मला फक्त ऐकू आलं. हसणं समोरून मागं असं विझत गेलं. मग जमलेल्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "भुलाबाईपुढं शेन ठेवलं वं तू? एका लेकराले हारवाले?"  बायका पोरींना ओढत उठायला लागल्या. आत तळून ठेवलेल्या करंज्यांना कोणी हात लावला नाही, आणि त्या काळी तळलेली करंजी सोडून जाणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला कळेल. मोठे बाबा बाहेर बाजेवर होते. त्यांनी विचारलं, काय झालं, तेव्हा शांतानं, तिच्या पोटच्या पोरीनं, जसं घडलं तसं सांगितलं. मोठे बाबा उठून ओसरीवर आले. मग म्हणाले, "सकाळी पोरगी अंगनवाडीत जाईन. तूच नेजो. बोट धरून. आन घेतली नं तू?"

पहाटे मायनं ती गवरी चुलीत घातली. तिच्यावर कंबरेची पट्टी ठेवली, दोन्ही गाठींसकट, आणि त्या जाळावर घरादाराच्या भाकरी भाजल्या. धुराला कापडाचा करपट वास होता. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या, मोठीमायनंसुद्धा. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. त्या दिवशी तो पीळ त्या पट्टीतून उठून माझ्या अंगात आला असावा.

मग ती मला घेऊन निघाली. तिचा हात घामानं चिकट झाला होता. दारादारातून बायका विचारत होत्या, "काय वं, भुलाबाईचा खाऊ पोचवाले चालली का?" तिला लवकर लवकर जायचं होतं. मी मुद्दाम हळू चालले. चपलेत खडा गेला म्हणून थांबले. खडा नव्हता.

पुढचं सगळं त्या चालण्यातून निघालं. अंगणवाडी, आणि दर आठवड्याला मॅडमची फटफट. चिखलाच्या गोळ्यात तुरीचे दाणे खोचून मॅडमनी मला पहिली अक्षरं बोटांनी वाचायला शिकवली, आणि माय शेजारी बसून डोळे मिटून तीच अक्षरं शिकली, मला घरी विचारता यावं म्हणून. मग वसतिगृहाची शाळा, नोकरी. शांताचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांसमोर मी बसले होते. पाहुणे दारातून मागं फिरले नाहीत, पोटभर जेवून गेले.

माय गेली त्या वर्षापासून मी एक नेम धरला आहे. भुलाबाईच्या दिवसांत एसटीनं गावी जाते आणि मोठीमायला एक डबा देते. आत खरा खाऊ असतो, साजूक तुपातला, तिला दात नाहीत म्हणून मऊसर केलेला. झाकणावरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधते, दोन गाठी. तिची सून मला सांगते की म्हातारी तो डबा उघडत नाही, कोणाला उघडू देत नाही. फळीवर ठेवते आणि येता जाता त्याच्याकडे पाहते. वास यायला लागला की सून तसाच उकिरड्यावर रिकामा करते. आत काय होतं ते विचारायचीही म्हातारीची हिंमत होत नाही. तिच्या लेखी मी दरवर्षी काय आणत असेन, ते तिला आणि मला दोघींनाच ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मात्र तिनं माझं मनगट धरलं. हात वाळक्या शेंगेसारखा झाला आहे.

"कुसुम," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "माहे दिवस भरले आता. एवढं सांगून दे. काय हाये यात?"

"ओळख," मी तिच्या कानाशी ओरडून म्हटलं.

तिनं डबा उचलला. कानाशी नेऊन हलवला, पुन्हा हलवला. तिला काही ऐकू आलं नसणार. नाकाशी नेला. मी बाहेरून वेलदोडा चोळला होता.

"करंजी?" तिनं लहान पोरीसारखं विचारलं.

"नाई," मी म्हटलं, आणि काठी घेऊन एसटी धरायला उठले. डब्यात करंज्याच होत्या.